ब्रेसलेट सापडलं, पण ताईंचं गेलेलं नाव कोण परत देणार?

निशिगंध (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, विषय मनाला लागलाय त्यामुळे मोठं होईल, सांभाळून घ्या. सल्ला हवाय, प्रश्न शेवटी विचारलेत.

आम्ही घोडबंदर रोडला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतो, बरेच टॉवर आणि मेन गेट एकच. नाव मुद्दाम देत नाही. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई इथे कितीतरी वर्षं काम करतायत. राहायला लोकमान्य नगरच्या बाजूला, यजमान रिक्षा चालवायचे पण पाठीच्या दुखण्याने आता घरीच असतात, मुलगी बारावीला. सकाळी साडेसहाला गेटवर हजर, एकामागून एक चार घरं, दुपारी दीडला परत. कोणाच्या घरचा चमचा कधी इकडचा तिकडे झाला नाही.

श्रावणात बी विंगमध्ये एका घरी मंगळागौर होती. दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅडमचं सोन्याचं ब्रेसलेट सापडेना. ताई त्यांच्याकडे केर-फरशी-भांडी करतात. आदल्या दिवशी घरात एवढ्या पाहुण्या येऊन गेलेल्या, केटररची मुलं आत-बाहेर करत होती, पण संशय थेट ताईंवर, का तर बेडरूममध्ये झाडायला त्याच जातात. इथपर्यंत एकवेळ समजू शकते, सोनं गेलं की माणूस सैरभैर होतो. पण पुढे जे केलं त्याला सैरभैर म्हणता येत नाही, ते नीट बसून टाइप केलेलं होतं.

गेटच्या ॲपवर प्रत्येक कामवाल्या बाईचा फोटो असतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून वर लाल अक्षरात "सावधान, ही बाई चोर आहे, कामावर ठेवू नका" असं लिहून मॅडमच्या यजमानांनी कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात तो मानपाड्याला माझ्या बहिणीच्या सोसायटीत पोचला, तिथून मेड-कुक शोधायचा एक भलामोठा ग्रुप आहे त्यावर, आणि तिथे कोणीतरी "हिची टोळी आहे" एवढं स्वतःच्या मनाने जोडलं. संध्याकाळी माझ्या जावेने तोच मेसेज मला पाठवला, "तुमच्याकडे येते ना ही?" म्हणून, तोपर्यंत एका ब्रेसलेटचे "दागिने आणि रोख रक्कम" झाले होते.

पोलिसांकडे लेखी अर्ज दिला होता की नुसतं तोंडी सांगितलं माहीत नाही, पण ताईंना चौकीत बोलावून दुपारपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मग घरी येऊन पत्र्याची पेटी उघडून बघितली, मुलीचं दप्तर उलटं केलं, सगळी चाळ दारात उभी. काही मिळालं नाही, मिळणार कुठून. सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे कामावर आल्या, कारण त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता, झडती झाली, काही सापडलं नाही. गेटवरच्या गार्डने नंबर टाकला आणि स्क्रीन लाल झाली. मला फोन आला म्हणून मी खाली गेले. मी म्हटलं ह्या माझ्याकडे येतायत, माझी परवानगी आहे, सोडा आत. तो बिचारा गार्ड म्हणाला मॅडम कमिटीने ब्लॉक केलंय, मी सोडलं तर माझी नोकरी जाईल. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू. ताई एका हातात डबा आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडावर धरून बाजूला उभ्या, आणि रोज त्यांच्याबरोबर शेअर रिक्षाने येणाऱ्या बाया खाली मान घालून एक एक करत आत जात होत्या. थांबून बोललं तर आपलंही नाव लाल होईल ही भीती. मी त्या बायकांना दोष देत नाही.

चेअरमनना भेटले, ते म्हणाले तात्पुरतं आहे, सावधगिरी म्हणून. बाकीच्या दोन्ही घरांनीही हेच सांगितलं, "आमचा संशय नाही हो, पण सावधगिरी म्हणून." आम्ही ताईंचा पगार चालू ठेवला, पण एका घराच्या पोळ्यांवर संसार चालत नाही. मुलीचा क्लास बंद झाला. मुलीच्या कॉलेजमध्ये एकीच्या आईच्या मोबाईलमध्ये तो फोटो होता, त्यामुळे तिथेही कळलं, ती आठवडाभर कॉलेजला गेली नाही.

आणि मग गणपतीच्या आधी मॅडमचं वॉशिंग मशीन दारातून गळायला लागलं. मेकॅनिक आला, त्याने दाराचा रबर उलटा केला तर आत केसांच्या पिना, एक नाणं, बाळाचा मोजा आणि ब्रेसलेट. फुगड्यांच्या वेळी हाताला अडकतं म्हणून काढून रुमालात बांधलं होतं आणि तो रुमाल धुण्यात गेला. मेकॅनिकने प्रामाणिकपणे काढून हातात दिलं.

त्यांच्या बी विंगच्या छोट्या ग्रुपवर मेसेज आला, "ब्रेसलेट मिळालं, सर्वांचे आभार, गणपती बाप्पा मोरया." त्याखाली अंगठे आणि हात जोडलेले. मग त्या बाईचं काय, असं एकानेही विचारलं नाही. कॉम्प्लेक्सच्या मोठ्या ग्रुपवर हे आलंच नाही. मानपाड्याच्या ग्रुपवर नाही. मेड-कुकवाल्या ग्रुपवर तर ताई आजही टोळीवाल्या आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. आरोप जिथे जिथे केला तिथे तिथे, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तो खोटा होता हे लिहिलं गेलंच पाहिजे. निर्दोष असणं पुरेसं नाही, ते चार लोकांत कोणीतरी बोलावं लागतं, आणि ज्याने आरोप केला त्यानेच बोलावं.

प्रश्न: हे त्यांच्याकडून करून कसं घ्यायचं? कायद्याने काही होतं का? आणि बुडालेल्या पगाराचं काय? ताईंना विचारूनच लिहितेय.

कळवेकर_दादा

वाचून खूप त्रास झाला निशिगंध ताई. तुम्ही पाठीशी उभ्या राहिलात हे फार मोठं केलंत.

मी मूळचा धुळे जिल्ह्यातला. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, एसटीतून उतरले. त्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला एवढंच निमित्त झालं. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज त्या भागात आधीच फिरत होते. पाचही जणांना जमावाने मारून टाकलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. गावाकडच्या माणसांना मी ओळखतो, मारकुटी माणसं नाहीत ती, पण मोबाईलवर रोज तेच तेच बघून डोक्यात भीती तयार होऊन बसली होती, फक्त समोर कोणीतरी अनोळखी यायचा बाकी होता.

त्या काळात जो व्हिडिओ फिरत होता ना, बाईकवरून येऊन मूल उचलून नेतात तो, तो पाकिस्तानातल्या कराचीचा होता आणि जनजागृतीसाठी मुद्दाम बनवलेला. मूळ व्हिडिओत शेवटी ते मूल परत आणून ठेवतात आणि पालकांनी लक्ष ठेवा अशी पाटी दाखवतात. कोणीतरी तो शेवटच कापला आणि उरलेला भाग भारतभर फिरला. त्यानंतर व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं, आणि एप्रिल २०२० मध्ये खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. पण त्याच एप्रिलच्या १६ तारखेला पालघरमध्ये गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अफवेपायी मारले गेले. आपल्यापासून हे किती लांब आहे? फॉरवर्डवर मर्यादा घालून मनातला संशय कमी होत नाही.

तुमच्या ताईंच्या फोटोखाली "टोळी" हे जोडणारा माणूस मला सगळ्यात धोकादायक वाटतो. उद्या त्या भलत्याच एरियात काम शोधायला गेल्या आणि तिथे कोणी फोटो ओळखला तर काय होईल विचार करा.

सीमा_पाचपाखाडी

टोळीवरून आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये सैफ अली खानवर बांद्र्याला घरात घुसून हल्ला झाला, तेव्हा पोलिसांच्या सांगण्यावरून छत्तीसगडमध्ये दुर्ग स्टेशनला एका मुलाला रेल्वेतून उतरवून ताब्यात घेतलं होतं आठवतंय? मुंबईचाच, ड्रायव्हरची नोकरी करणारा. त्याचा फोटो सगळ्या चॅनलवर. दुसऱ्या दिवशी खरा आरोपी म्हणून ज्याला पकडलं तो आपल्याच ठाण्यात कासारवडवलीला सापडला आणि या मुलाला सोडून दिलं. नंतर त्याने पत्रकारांना सांगितलं की नोकरी गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं. सीसीटीव्हीतल्या माणसाला मिशी नव्हती आणि मला आहे, एवढंही कोणी बघितलं नाही म्हणाला.

तेव्हा अख्खा घोडबंदर रोड आरोपी आपल्याकडे सापडला याच्या गप्पा मारत होता, सुटलेल्या मुलाबद्दल एक अक्षर कोणी बोललं नाही. निशिगंधच्या सोसायटीत तेच झालंय, ब्रेसलेट मिळालं यावर विषय संपला.

रोखठोक_नेरूळ

ताईंबद्दल वाईट वाटलं, त्यात दुमत नाही. पण दुसरी बाजूही लिहितो. आमच्या नेरूळच्या सोसायटीत खरोखर चोरी झाली होती, घरात आजी एकट्या, कामाला ठेवलेल्या माणसाने आठ दिवसांत कपाट साफ केलं, आणि तोच माणूस आधी दुसऱ्या सेक्टरमध्ये असंच करून आला होता हे नंतर कळलं. तिथल्या लोकांनी वेळेवर सांगितलं असतं तर आजींचं वाचलं असतं. माझी आई दिवसभर एकटी असते. मला सावध करणारा मेसेज आला तर मी तो वाचणारच आणि शेजाऱ्यालाही सांगणार. सगळेच गप्प बसले तर चोरांचं फावेल ना?

निशिगंध (धागाकर्ती)

रोखठोक दादा, तुमची काळजी खरी आहे, माझ्याही सासूबाई दुपारी एकट्या असतात. पण तुमच्याकडे चोरी झाली होती, माणूस पळाला होता. इथे चोरीच झाली नव्हती. वस्तू दिसत नाही आणि वस्तू चोरीला गेली यात जे अंतर आहे ते कोणीतरी शांतपणे तपासायला हवं, आणि ते काम पोलिसांचं आहे. मॅडम पोलिसांत गेल्या याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फोटो ग्रुपवर टाकण्याबद्दल आहे.

ॲडव्होकेट_कोर्टनाका

ठाण्याला प्रॅक्टिस करतो, थोडं सविस्तर लिहितो.

रोखठोक आणि निशिगंध, तुम्ही दोघं जे बोलताय तो फरक कायद्यातही आहे. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, जुनं ४९९-५००. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. त्याला अपवाद आहेत, त्यातला एक असा की सद्भावनेने योग्य अधिकाऱ्याकडे तक्रार केली तर ती बदनामी होत नाही. म्हणजे पोलीस स्टेशनला जाऊन "माझा हिच्यावर संशय आहे" म्हणणं चालतं. दुसऱ्यांना सावध करायलाही एक अपवाद आहे, पण सगळं सद्भावनेवर अडतं, आणि जी गोष्ट पुरेशी काळजी न घेता केली ती सद्भावनेने केली असं कायदा मानत नाही. घर नीट न शोधता "चोर आहे" असं ठामपणे फोटोसकट शेकडो लोकांना कळवणं यात ती काळजी कुठे आहे ते साहेबांना कोर्टात सांगता आलं पाहिजे.

बदनामी अदखलपात्र आहे, पोलीस थेट गुन्हा नोंदवणार नाहीत, मॅजिस्ट्रेटकडे खासगी फिर्याद करावी लागते, मुदत तीन वर्षं. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा तर मुदत एकच वर्ष आहे हे लक्षात ठेवा, लोक इथेच चुकतात, आधी समजुतीने बघू म्हणत वर्ष निघून जातं. खर्चाची काळजी नको, ताई महिला आहेत म्हणजे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळायचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, फोनवरून विचारायचं तर १५१००.

ॲडमिनवर जबाबदारी ढकलू नका. मेंबरने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही असं आपल्या हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. मूळ टाकणारा मात्र जबाबदार, आणि फॉरवर्ड करणाराही, "मी फक्त पुढे पाठवलं" हे मद्रास हायकोर्टाने २०२३ मध्ये ऐकून घेतलं नाही.

आज करायची कामं: मूळ मेसेज आणि फॉरवर्ड झालेले सगळे मेसेज ज्या मोबाईलमध्ये आहेत त्यात तसेच ठेवा, डिलीट करू नका, नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. कोर्टात द्यायचे तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, ते ज्याचा मोबाईल त्याने आणि एका तज्ज्ञाने सही करून द्यायचं, म्हणजे तुमची बहीण आणि जाऊ दोघींची गरज लागेल. दुसरं, चौकीत नोंद काय झालीय ते लेखी मागा. एफआयआर झाला असेल तर पोलीस तपास बंद करताना समरी रिपोर्ट देतात, अशा केसमध्ये बहुतेक सी समरी, म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार. त्याची सही-शिक्क्याची प्रत ताईंच्या हातात असणं फार महत्त्वाचं, उद्या पोलीस व्हेरिफिकेशनला तोच कागद कामाला येतो. आणि बाईला साक्षीदार म्हणून चौकशीला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, संशयित म्हणून बोलवायचं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची लेखी नोटीस हवी. तोंडी बोलावून दिवसभर बसवणं चूक आहे, हे पुढच्या वेळी कोणाच्याही बाबतीत झालं तर तिथल्या तिथे सांगा.

मृण्मयी

वकील साहेब छान माहिती. माझी एक कळकळीची विनंती आहे, या धाग्याचा उपयोग कोणी "बघा, तक्रारी खोट्या असतात" म्हणायला करू नये. मी बदलापूरला राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींच्या बाबतीत जे घडलं त्यात तक्रार घ्यायलाच उशीर केला, म्हणून लोक रेल्वे रुळांवर उतरले होते. बाई किंवा लेकरू काही सांगत असेल तर आधी ऐकूनच घ्यायला हवं. पोक्सोतही (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे पण मुलाला नाही, ते बरोबरच आहे, नाहीतर मुलं बोलणारच नाहीत.

या ताईंची केस आणि त्या केसेस मला एकाच बाजूच्या वाटतात. दोन्हीकडे जिच्या हातात काही नाही तिचं कोणी ऐकलं नाही. ताई म्हणत होत्या मी घेतलं नाही, ते कोणी ऐकलं?

निशिगंध (धागाकर्ती)

मृण्मयी, अगदी. तुझा शेवटचा प्रश्न मी कमिटीला जसाच्या तसा विचारणार आहे.

निवृत्त_मास्तर

मी सहसा वाचतोच फक्त. आज लिहितो.

नोकरीत असताना माझ्यावर शालेय पोषण आहाराचा तांदूळ विकल्याचा आरोप झाला. निलंबन, अर्ध्या पगाराचा निर्वाह भत्ता, विभागीय चौकशी. पुरवठादाराच्या गाडीने पोती दुसऱ्याच शाळेत उतरवली होती आणि चलनावर आमच्या शाळेचं नाव पडलं होतं, तिथे ती पोती रजिस्टरला जमाही होती. एवढं शोधायला त्यांना दीड वर्ष लागलं. निर्दोष सुटलो, थकबाकीसह पगार मिळाला. निलंबनाची बातमी स्थानिक पेपरात फोटोसकट आली होती. सुटल्याचं पत्र घेऊन मी स्वतः त्या पेपरच्या ऑफिसात गेलो, तिथल्या मुलाने वाचून परत दिलं, म्हणाला सर यात बातमी काय आहे.

रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी नेहमीची लोकल पकडली. आमचा ग्रुप होता, दसऱ्याला डबा सजवायचो, मुलामुलींच्या लग्नांना एकमेकांकडे जायचो. डब्यात शिरलो, सगळ्यांनी बघितलं, मास्तर बरे आहात ना विचारलंही. पण पूर्वी मी दिसलो की तिघं सरकून चौथी सीट व्हायची, ती झाली नाही. कोणी वाईट बोललं नाही. मी ठाण्यापर्यंत उभा राहून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून पुढचा डबा धरला.

आमच्या सौ. तेव्हा हळदीकुंकवाला जायच्या बंद झाल्या त्या आजतागायत. मुलाने शिक्षक व्हायचं नाही म्हणून सांगितलं. निर्दोषत्वाचं पत्र लॅमिनेट करून ठेवलंय, बघायला आजपर्यंत कोणी मागितलेलं नाही.

निशिगंध, तुम्ही म्हणता तसं आरोप करणाऱ्यानेच बोललं पाहिजे. मी स्वतः शंभर जणांना सांगितलं तरी ती सफाई वाटते. माझ्या साहेबांनी एकदा शिक्षकांच्या मासिक सभेत उभं राहून दोन वाक्यं बोलली असती तर माझी पुढची वर्षं वेगळी गेली असती.

सीमा_पाचपाखाडी

मास्तर, नमस्कार करते तुम्हाला. वाचून डोळ्यात पाणी आलं.

ऐरोली_नाइटशिफ्ट

मास्तर, तुमच्या चलनावरून सांगतो, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ही केस आमच्या टीममध्ये मी सगळ्यांना वाचायला लावतो. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसने फुजित्सू कंपनीचं होरायझन नावाचं सॉफ्टवेअर आणलं, त्यातल्या चुकांमुळे गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोकांना चोरी, अफरातफरीसाठी दोषी ठरवलं, काही तुरुंगात गेले, काहींनी घरदार विकून नसलेली तूट भरली. गावातले लोक तोंडावर चोर म्हणायचे. यातल्या बहुतेकांची शिक्षा रद्द करायला मे २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. का झालं? तर कम्प्युटर दाखवतोय म्हणजे खरंच असणार हे सगळ्यांनी धरून चाललं.

तुमच्या गेट ॲपचं तसंच आहे. लाल स्क्रीन कोणी केली, कशाच्या आधारावर, किती दिवसांसाठी, यातलं काहीही गार्डला दिसत नाही, त्याला फक्त लाल दिसतं. कमिटीकडून ठराव करून घ्या की पोलिसांचा गुन्हा क्रमांक असल्याशिवाय कोणालाही पूर्ण कॉम्प्लेक्ससाठी ब्लॉक करायचं नाही, ज्या घराला नको त्यांनी आपल्या घरापुरतं बंद करावं, आणि जिला ब्लॉक केलं तिचं म्हणणं लिहून घ्यायचं. ब्लॉक केलेल्यांची यादी दर महिन्याच्या मीटिंगमध्ये वाचायची. नाहीतर "तात्पुरतं" कायमचं होतं.

रोखठोक_नेरूळ

मास्तरांचं वाचून बराच वेळ नुसता बसलो होतो. ऐरोलीकरांचा ठराव चांगला आहे, आमच्या सेक्रेटरींनाही देतो. आणि पगाराबद्दल माझं मत, बुडालेला पगार आरोप करणाऱ्याने आणि कमिटीने मिळून द्यावा, कारण गेट कमिटीने बंद केलं.

ॲडव्होकेट_कोर्टनाका

पगाराचं समजुतीने मिळालं तर सर्वात उत्तम, कोर्टातून मिळतं पण वेळ जातो. नंबी नारायणन यांचं बघा ना, इस्रोचे एवढे मोठे शास्त्रज्ञ, नोव्हेंबर १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपात अटक, १९९६ मध्ये सीबीआयने स्वतःच आरोपात तथ्य नाही सांगितलं, १९९८ ला सुप्रीम कोर्टातही निर्दोष. तरी ५० लाखांच्या भरपाईचा आदेश व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडला. रॉकेटच्या इंजिनावर काम करायची उमेदीची वर्षं त्यांना कोणी परत दिली? म्हणून मी आधी नोटीस पाठवा म्हणेन, त्यात तीन मागण्या: ज्या ज्या ग्रुपवर गेलं तिथे खुलासा, ब्लॉक काढणं, बुडालेला पगार. बरीच माणसं नोटिशीनंतर बोलायला बसतात.

निशिगंध (धागाकर्ती)

मंडळी, तुमच्या सांगण्यावरून ताई आणि मी विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आलो, नोटीस गेली. कमिटीने नोटीस बोर्डसाठी मजकूर मागितलाय, मी असा केलाय, बघून सांगा:

"आपल्या ग्रुपवर श्रीमती अमुक यांचा फोटो टाकून त्या चोर आहेत असा मेसेज टाकण्यात आला होता. तो आरोप खोटा होता. हरवलेली वस्तू तक्रारदारांच्याच घरात सापडली आहे. श्रीमती अमुक यांनी कोणतीही चोरी केलेली नाही. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल तक्रारदार आणि कमिटी त्यांची माफी मागत आहेत. हा मेसेज तुम्ही जिथे जिथे पाठवला असेल तिथे तिथे हा खुलासाही पाठवावा."

मॅडमच्या यजमानांचं म्हणणं "आरोप खोटा होता" ऐवजी "गैरसमज दूर झाला" लिहा.

निवृत्त_मास्तर

नको. मजकूर आहे तसाच राहू द्या. माझ्या पत्रात "आरोप सिद्ध होऊ शकले नाहीत" असं लिहिलं होतं, आणि लोकांनी त्याचा अर्थ पुरावा मिळाला नाही असा घेतला. खोटा होता म्हणजे खोटा होता.

कळवेकर_दादा

मास्तरांशी सहमत. फोटो परत टाकायचा का हा एक प्रश्न आहे, नाहीतर लोक नुसता फोटो बघून मजकूर न वाचता परत चुकीचंच पसरवतील. आणि फोटो नाही टाकला तर कोणाबद्दल आहे ते कळणार नाही.

निशिगंध (धागाकर्ती)

ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या फोटो टाका, पण तो ॲपवरचा नको, त्यात मी घामेघूम आहे आणि चोरासारखीच दिसते. मुलीच्या दहावीच्या सत्काराचा आहे तो टाका, त्यात मी हिरवी साडी नेसलेय आणि माझ्या हातात नारळ आहे. "निर्दोष" हे फोटोवरच मोठ्या अक्षरात लिहून टाकतेय.

निशिगंध (धागाकर्ती)

अपडेट देते, उशीर झाला.

खुलासा बोर्डावर, सगळ्या लिफ्टमध्ये आणि मोठ्या ग्रुपवर लागला, "खोटा" शब्दासकट. यजमानांनी स्वतःच्या नंबरवरून टाकला, आधी तयार नव्हते, मॅडमनीच त्यांना करायला लावलं आणि त्या ताईंच्या घरी जाऊनही आल्या, चाळीसमोर बोलल्या. हे मला अपेक्षित नव्हतं आणि त्याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. मानपाड्याच्या ग्रुपवर बहिणीने टाकला. मेड-कुक ग्रुपच्या ॲडमिन बाईंनी पिन करून ठेवलाय, पण ज्याने टोळी जोडलं तो नंबर आता ग्रुपमध्ये नाही आणि त्याने पुढे कुठे कुठे पाठवलं ते कळायला काही मार्ग नाही, ते तसंच राहिलं. ॲपवरचा ब्लॉक निघाला. पोलिसांकडे एफआयआर नव्हताच, नुसता अर्ज होता, तो निकाली काढल्याचं लेखी मिळालं.

जुन्या तिन्ही घरांनी परत बोलावलं. ताई फक्त आमच्याकडे येतात, बाकीच्यांना नाही म्हणाल्या. सकाळी वागळे इस्टेटला एका पोळी-भाजी केंद्रात लागल्यात, पगार थोडा कमी आहे पण तिथे त्यांना गेटवर थांबवत नाहीत. मुलीचा क्लास सुरू झालाय. बुडालेल्या पगाराचा अर्धा भाग त्या कुटुंबाने दिला, कमिटीच्या वाट्याचं रविवारच्या मीटिंगमध्ये ठेवलंय, दोन मेंबरांचा विरोध आहे. ऐरोलीकरांचा ठरावही त्याच मीटिंगमध्ये आहे.

उलवेकर

पूर्ण धागा वाचला. आमच्याकडे उलव्यात एका वॉचमनच्या बाबतीत असंच सुरू झालंय, फोटो कालच फिरला. खुलाशाचा आणि ठरावाचा मजकूर मिळेल का?

निशिगंध (धागाकर्ती)

दोन्ही पाठवते, तुमच्या विचारपुशीत बघा. आधी तो फोटो कोणी टाकलाय त्याला आजच फोन करून काढायला लावा, उद्यावर ढकलू नका. खुलासा लावायची वेळ आली तर मराठी आणि हिंदी दोन्हीत लावा, आणि एक प्रत सिक्युरिटी केबिनच्या आत चिकटवा, गेटवरचे गार्ड सारखे बदलतात आणि नवीन आलेल्याला कोणी सांगत नाही.